पहिले तीन भाग गप्प

माझ्या मामाला कुणाचंही वाक्य पूर्ण होऊ देता येत नाही. तुम्ही "मला असं वाटतं" म्हणालात, की तुम्हाला काय वाटतं ते तोच सांगतो, त्यावरचा उपायही सांगतो आणि उठून चालायला लागतो. मामी तर म्हणते, लग्नाला तिने होकार दिलेलाच नाही. ती "मी विचार करून" एवढंच म्हणाली होती, पुढचं मामाने पूर्ण केलं आणि घरी जाऊन तारीख ठरवून टाकली.

असा माणूस पोटासाठी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिकणारा गडबडला तर उपयोगी पडावा म्हणून. मामा तो शिकणारा गडबडायच्या आधीच दाबतो. समोर रस्ता मोकळा असो, सिग्नल हिरवा असो, मामाचा पाय पेडलवर नाचत असतो. त्याच्याकडे शिकलेली माणसं त्याला ब्रेकमामा म्हणतात. लायसन्स मिळाल्यावर एकट्याने गाडी काढली, की ती आपोआप थांबत नाही याचंच त्यांना पहिले काही दिवस नवल वाटतं.

आणि हाच माणूस गुरुवारी संध्याकाळी आमच्या हौशी वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवतो. लांब नळी पुढेमागे सरकवून वाजवायचं ते पितळी वाद्य त्याला शोभतंही, कारण वाजवताना हात सतत हलता राहतो. मी त्याच वाद्यवृंदात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, वाजवते. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना "आता दिसतंय का" विचारायचं आणि गुरुवारी शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या रिंगखाली, व्हायोला घेऊन बसायचं. माझी खुर्ची मामाच्या बरीच पुढे आहे. तरी मागे करकरणारी खुर्ची त्याचीच, हे मला न वळता कळतं.

यंदा आम्ही बीथोवनची पाचवी सिंफनी बसवत होतो. संगीतातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसालाही तिची सुरुवात माहीत असते, तीन आखूड ठोके आणि एक लांब. मात्र तिच्यात ट्रॉम्बोनवाल्यांची पंचाईत आहे. चार भागांची सिंफनी, आणि पहिल्या तीन भागांत ट्रॉम्बोनला एकही सूर नाही. नुसतं वाद्य मांडीवर घेऊन बसायचं. चौथा भाग सुरू होतो त्या क्षणी मात्र एकदम, पूर्ण ताकदीने, साऱ्यांबरोबर वाजवायचं.

म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडून गेली होती. पाचवी असली की ट्रॉम्बोनवाल्यांनी चहाच्या सुट्टीत यायचं. तोवर मामा शेवटच्या शिकणाऱ्याला घेऊन आणखी एक फेरी मारून यायचा, पेला हातात घेऊन चहा उभ्याउभ्या संपवायचा आणि चौथा भाग वाजवायचा. ही सिंफनी त्याने आयुष्यात कितीदा तरी वाजवली होती. ऐकली मात्र एकदाही नव्हती.

त्याच दिवसांत ठमीचं प्रकरण पेटलेलं होतं. ठमी ही मामाची मुलगी, माझी मामेबहीण. चांगली तिशीला आलेली बाई, पण घरात ठमीच. दोन वर्षं ती मामाच्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होती. मामाने आता तिच्यासाठी दुसरी गाडी सांगितली होती, दोन ब्रेकांची, कोरी. आमचा कार्यक्रम रविवारी दुपारी होता आणि गाडी सोमवारी सकाळी दारात येणार होती. ठमीला ती गाडी नको होती. तिला ते कामच नको होतं. दुसऱ्या शहरातल्या एका नकाशे काढणाऱ्या कचेरीने तिला बोलावलं होतं आणि त्यांनाही सोमवारीच उत्तर हवं होतं. हे सगळं तिने मला सांगितलं होतं. मामाला सांगायचा तिने प्रयत्न केला, तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होते, म्हणून ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"बाबा, ती नवीन गाडी आहे ना..."

"पांढरीच सांगितलीय. पिवळी तुला आवडत नाही, माहितीय मला."

"रंगाचं नाही रे. मला ना, त्या सीटवर बसलं की..."

"पाठ दुखते. माझीही दुखते. मागे उशी लावून घेऊ."

"बाबा, उशीचं नाही, मला..."

"उशी नको तर नको. बाकी काय?" असं म्हणून मामा चपला घालून बाहेर. त्याच्या पायाला भिंगरी आहे ती आहेच.

 ठमी माझ्याकडे वळून म्हणाली, "तूच सांग ना त्याला."

"मी सांगायला गेले तर मलाही एक उशी मिळेल," मी म्हणाले. ती हसली नाही. मला माझाच राग आला, कारण तिचे डोळे भरले होते आणि मी विनोद करत बसले होते.

आमचा वाद्यवृंद चालवणाऱ्या बाई पेशाने दातांच्या डॉक्टर आहेत. त्यांचा हात कधी कापत नाही आणि दुखेल का असं विचारलं तर त्या "हो" म्हणतात. त्या गुरुवारी चौथा भाग सुरू होताच त्यांनी ताल द्यायची छडी खाली ठेवली.

"तुमचे सूर बरोबर आहेत," त्या मामाला म्हणाल्या. "पण तुम्ही आत्ताच बाहेरून आलाय, हे ऐकू येतं."

"मी चांगला पाच मिनिटं आधी आलोय."

"तेच म्हणतेय मी. आम्ही सगळे तीन भाग अंधारात चाचपडून त्या दारापर्यंत येतो आणि तुम्ही धाडकन दार उघडून विचारता, दिवे का नाही लावले? पुढच्या वेळेपासून ट्रॉम्बोन पहिल्यापासून बसतील. गप्प."

गुरुवारी व्यायामशाळा मिळणार नव्हती, म्हणून पुढची, शेवटची तालीम कार्यक्रमाच्या आधीच्या सोमवारी झाली, तेव्हा बसले. मामाच्या शेजारी ट्रॉम्बोन वाजवणारा कुलूपवाला तर पहिल्याच भागात डुलक्या घ्यायला लागला, त्याचा काही त्रास नव्हता. मामाने मात्र नाकी नऊ आणले. खुर्ची करकरली. फुंकून फुंकून नळीत साचणारं पाणी झटकून झालं. नळीला तेल लावून झालं. मग पाय सुरू झाला, लाकडी जमिनीवर टक टक, आणि तोही तालात नाही. दुसरा भाग शांत आहे, तो आम्ही व्हायोला आणि आमच्याहून खालच्या सुराचे चेलोवाले सुरू करतो. आयुष्यात क्वचित आमच्या वाट्याला सुरेल ओळ येते, त्यात मागून ही टकटक. मला त्याचा पाय खुर्चीला बांधावासा वाटत होता.

बाईंनी पुन्हा छडी ठेवली. "मामा," त्या म्हणाल्या, कारण त्यांनाही तो मामाच आहे, "रविवारपर्यंत बसायला शिका. नाहीतर शेवटचा भाग मी उरलेल्या दोन ट्रॉम्बोनवर भागवीन."

मामाचा चेहरा पडला. खरंच पडला, पोरासारखा. दिवसभर लोकांच्या चुकांची वाट बघत बसणारा हा माणूस आठवड्यातून एकदा मोठ्याने श्वास सोडायचा तो या ट्रॉम्बोनमधून. तो गेला तर घरात त्याच्या येरझाऱ्यांनी फरशी झिजली असती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दुकानाबाहेर गाडी घेऊन उभा. "बस. मला शिकव."

"काय?"

"ऐकायला. गाडीत लावतो, तू समजावून सांग. अर्ध्या तासाची तर आहे, पटकन होईल."

आम्ही गाडी शिकवायच्या मैदानावर नेली. लाल शंकू रांगेत उभे होते, माणूस कुणी नव्हतं. मी चालकाच्या जागी, मामा त्याच्या नेहमीच्या, ब्रेकच्या सीटवर. सिंफनी लावली. ते चार ठोके वाजले आणि मामा म्हणाला, "हे माहितीय. पुढे घे."

मी बंद केली. "मामा, पहिला ठोका वाजायच्या आधी काय झालं?"

"काही नाही."

"तेच. लिहिलेलं आहे ते. बाईंचा हात खाली येतो तेव्हा कुणीही वाजवत नाही, आधी एवढीशी गप्प जागा आहे, मग ठोके. इतकी प्रसिद्ध सुरुवात, ती गप्प बसण्याने होते."

"उगाच काहीतरी," मामा म्हणाला, पण पुन्हा लाव म्हणाला. पुन्हा लावली. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा त्याने श्वास धरलेला मला ऐकू आला.

तेच चार ठोके पुढे कसे कुणाच्या ना कुणाच्या अंगात शिरलेले असतात, ते मी त्याला दाखवत गेले. व्हायोलिन सोडतात तर खालची चेलो उचलतात, आणि ती सोडतात तर पुन्हा वरून कुणीतरी. कुणालाच चैन नाही, सगळे एकमेकांचं बोलणं तोडत धावत असतात. मामाला हे फार आवडलं, घरचंच वाटलं असावं. त्याचा पाय पेडलवर पडत होता आणि उभी गाडी हलकेच डुलत होती. आणि अचानक सारा वाद्यवृंद थांबला आणि एकटा ओबो, सनईच्या कुळातला, सावकाश, कुणाचीही घाई नसल्यासारखा, एक लहानशी ओळ वाजवून गप्प झाला. मग पुन्हा तीच धावपळ.

"हा कोण मधेच?"

"ओबो."

"आणि त्याच्यासाठी सगळे थांबले?"

"थांबले."

"काय म्हणाला तो?"

"ते ज्याने त्याने ऐकायचं. पण मामा, तसं ठमीलाही..."

"ठमीला आणूया रविवारी! पुढची जागा सांगून ठेवतो तिला." झालं. माझं वाक्य गेलं.

मी दात ओठ खात पुढचा भाग लावला. दिवस थोडे उरले होते. ठमी रोज मला विचारत होती, काही बोललीस का, आणि मी रोज नाही म्हणत होते. इकडे हा माणूस चार-पाच सूर झाले की खिडकी खाली करायचा, आरसा सरळ करायचा, शंकू तिरका दिसतो म्हणून उतरायचा. मला स्वतःलाच धड ऐकू येईनासं झालं. सिंफनी समजावून सांगता सांगता माझ्याच जिवाला घोर लागला होता.

तरी रोज संध्याकाळी आम्ही मैदानावर जात होतो. तिसऱ्या भागाशी तो अडकला. तिथे चेलो आणि त्याहून खालचे मोठे बास दबकत येतात, जोरात आरडाओरडा होतो, आणि मग तीच चाल परत येते ती नुसती तारा खुडत, चोरपावलांनी. शेवटी फक्त लांबवलेला एक सूर आणि त्याच्या आत नगारा, अगदी हळू, ठक ठक करत. मामाचा पाय थांबला. मी बघितलं, खरंच थांबला. मग हळूहळू सूर वर चढत गेले, फुगत गेले आणि चौथा भाग फुटला, त्यात त्याचे ट्रॉम्बोन.

"हे दार होय," मामा म्हणाला.

त्या दिवशी त्याने चौथा भागही निमूट ऐकला. अर्ध्यावर, सगळा जल्लोष चालू असताना, तिसऱ्या भागातली ती दबकी चाल पुन्हा येते, थोडा वेळच.

"इथे मला सुट्टी असते," मामा म्हणाला. "मी नळीतलं पाणी काढतो. पण ही परत कशाला आली? संपलं होतं ना हे?"

"कुठे गेलीच नव्हती ती. जल्लोषात ऐकू येत नव्हती इतकंच."

"बंद कर," मामा म्हणाला.

मी बंद केली. तो खाली उतरला आणि सरळ उभे असलेले शंकू उगाच इकडून तिकडे हलवत राहिला. मला वाटलं, कंटाळला. मी रागावून हॉर्न वाजवला.

रविवारी दुपारी व्यायामशाळा भरली. ठमी तिसऱ्या रांगेत येऊन बसली होती, चेहरा उतरलेला. आत शिरताना तिने माझ्या कानात सांगितलं, "मी त्या लोकांना 'नाही' म्हणून कळवते. गाडी येऊ दे. दमले मी." मी काही बोलणार तेवढ्यात बाईंनी आम्हाला आत घेतलं.

मी कसं वाजवलं ते मला विचारू नका. माझे कान मागे होते. पहिला भाग गेला, ओबो एकटा बोलून गेला, आणि मागे खुर्ची करकरली नाही. दुसऱ्या भागात आमची ओळ आली आणि टकटक नव्हती. तिसऱ्या भागात, तारा खुडताना, मला राहवलं नाही. पानं उलटायच्या निमित्ताने मी मान वळवली. मामाने एक पाय दुसऱ्या पायाखाली दाबून धरला होता. कपाळावर घाम होता आणि डोळे मिटलेले. हा माणूस ऐकत होता. त्याला ते किती जड जात होतं ते लांबूनही दिसत होतं, आणि माझा त्याच्यावरचा आठवडाभराचा राग तिथल्या तिथे विरघळला.

नगारा ठकठकला, सूर चढले, आणि ट्रॉम्बोन आले. ते आमच्यातूनच आले. बाईंनी मामाकडे पाहिलंही नाही, आणि त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

या सिंफनीचा शेवट फसवा आहे. संपली असं वाटतं तेव्हा आणखी एक जोरदार सूर येतो, मग आणखी एक, मग पुन्हा. ठमीला संगीतातलं फारसं कळत नाही. पहिल्याच फसव्या जागी तिने टाळ्या वाजवल्या, एकटीने, खणखणीत. सगळी रांग तिच्याकडे वळली. आम्ही अजून वाजवतच होतो. तिने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि खरोखर संपलं तेव्हा भीतीने वाजवल्याच नाहीत.

नंतर बाहेर आलो तर मामा म्हणाला, "ठमे, तू चालव. माझ्या हातात बळ नाही." तो ट्रॉम्बोनची पेटी घेऊन ब्रेकच्या सीटवर बसला, मी व्हायोला घेऊन मागे. ठमीने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"बाबा, मला उद्याची गाडी नको," ती म्हणाली.

मागून आरशात मला मामाचं तोंड उघडलेलं दिसलं. मग ते मिटलं. ठमीला पुढचं बोलता येईना, कारण तिला तोडलं जाण्याचीच सवय होती, पूर्ण वाक्य तिच्याकडे तयारच नव्हतं.   मलाच मधे पडावंसं वाटत होतं, आणि मी व्हायोलाच्या पेटीचं हँडल धरून बसले.

"मला एका कचेरीत काम मिळतंय," ठमी अडखळत म्हणाली. "नकाशांचं. लांब आहे, दुसऱ्या गावी राहावं लागेल. मला ते करावंसं वाटतंय." मग थांबली.  "बोल ना काहीतरी!"

"तुझं संपलंय का?"

"हो."

"नक्की? मघाशीही तुला तसंच वाटलं होतं."

मला हसू फुटलं. ठमी हसली नाही. ती समोरच्या काचेकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडचा रंग बदलत गेला.

"तो खांब आठवतो?" ती म्हणाली. आम्हा सगळ्यांना आठवत होता. मागच्या वर्षी तिच्याकडे शिकणाऱ्या मुलाने गाडी दिव्याच्या खांबावर घातली होती, बंपर चेपला, कुणाला काही झालं नाही. मामाने तेव्हा "बंपर असतो कशाला!" म्हणून विषय संपवला होता. "खांबाच्या अलीकडे एक बाई उभी होती, बाळाला घेऊन. गाडी तिच्या अंगावरच चालली होती. त्या मुलानेच शेवटी स्टिअरिंग फिरवलं. मी नाही काही केलं, बाबा. ब्रेक माझ्या पायाखाली होता आणि माझा पाय हललाच नाही. आता रोज त्या सीटवर बसलं की वाटतं, आजही हलणार नाही."

मामाच्या पायाखाली पेडल होतं. त्याचा पाय त्याच्यावर थरथरत होता.

"माझा थांबत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"पाय. पहिल्या दिवसापासून. तुला काय वाटलं, हौस म्हणून दाबतो मी? भीती वाटते मला, ठमे. रोज वाटते. लोक हसतात तर हसू देतो, तेवढ्यात ती झाकली जाते."

 ठमीने हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला, त्या थरथरणाऱ्या पायाच्या, आणि तसाच ठेवला.

"मग असं कर," मामा झटकन सरसावून बसला, "त्या नकाशेवाल्यांना सांग की..." आणि थांबला. स्वतःचंच वाक्य त्याने तोडलं. "काय सांगणार आहेस त्यांना?"

ठमीने सांगितलं. हो म्हणणार होती. खोली कुठे बघितलीय, कुणाबरोबर राहणार, पहिल्यांदा कोणते रस्ते काढायला देणार आहेत, मामीला एकटं वाटेल का, त्याला वाटेल का. ती मधे मधे थांबत होती, शब्द शोधत होती, आणि प्रत्येक थांब्याला मला वाटे, आता हा बोलला. तो बोलला नाही. डोळे डबडबलेले, ओठ घट्ट मिटलेले, नुसता बसून होता.

"संपलं, बाबा," ठमी म्हणाली, तेव्हा कुठे तो रडला.